रुळांपलीकडचा गोल

पायसान्दू शहरातल्या एस्त्रेया फुटबॉल क्लबाचं कॅन्टीन म्हणजे डोन्या सुल्माचं राज्य. तिच्या कढईतल्या मधे भोक पाडलेल्या गरम पुऱ्या खायला वैरी क्लबाचे लोकही तोंड लपवून येत. अशा बाईची दहा वर्षांची नात नाहियारा एका सकाळी म्हणाली, "आजी, मोलिनोवाले मला गोलकीपर करतायत. जाऊ का?"

मोलिनो म्हणजे रुळांपलीकडचा क्लब. तिथं जाणं म्हणजे सवतीच्या घरी जेवायला बसणं.

"आपल्या क्लबात काय काटे टोचतात तुला?"

"वॉशिंग्टनकाका मला कडेला उभी करतात. चेंडू येतच नाही. परवा मी तिथं उभ्या उभ्या वेणी घातली."

वॉशिंग्टन एस्त्रेयाचा प्रशिक्षक, आणि हे खरं होतं. आजीनं पाहिलं होतं, वेणी बरी जमली होती.

नको म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण चाखल्याशिवाय नावं ठेवणाऱ्यांतली ती नव्हे. "चल, त्यांचा सराव बघू. गुपचूप."

क्लबाचं निळं जाकीट तिनं उलटं घातलं, काळा चष्मा लावला आणि मोलिनोच्या मैदानाच्या कठड्याला परक्या बाईसारखी टेकली. नाहियारा हातमोजे चढवून गोलात. जरा वेळानं शेजारची बाई हळूच म्हणाली, "डोन्या सुल्मा, तुमचा माते-चहा गार झाला असेल. गरम पाणी देऊ?"

"कोण सुल्मा?"

बाईनं तिच्या काखेकडं बोट केलं. काखेत थर्मास, थर्मासवर एस्त्रेयाचा ताटाएवढा तारा. इथल्या माणसाला थर्मास म्हणजे तिसरा हात. वेष पालटताना हात घरी ठेवायचं कुणाला सुचतं?

"द्या तर मग," म्हणत आजीनं थर्मास पुढं केला. कठडाभर बायका खिदळल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं खिदळली ती आजीच.

तेवढ्यात नाहियारानं चिखलात सूर मारला. चेंडू अडला. उठली तेव्हा तोंडावर दातांशिवाय पांढरं काही उरलं नव्हतं. पुढचा चेंडू थेट नाकावर आदळला, तरी पोरगी हसतच होती.

परतताना ती रुळांवरून नाचत चालली होती. मधेच थांबली.

"आजी, राहू दे. मी नाही जात."

"आता काय झालं?"

"लोक तुला बोलतील. वॉशिंग्टनकाका तुझी कढई काढून घेतील."

आजी रुळांवरच थांबली. "वॉशिंग्टन? ज्याला अंडं उकडता येत नाही, तो माझी कढई घेणार? आणि लोक मला जन्मभर बोलतायत, बोलून झालं की रांगेत उभे राहतायत. माझं मी बघते. मला डोक्यावर घेऊन उडी मारशील, तर चेंडू कशानं अडवशील? मला सोड बाजूला. तुला काय हवंय?"

"गोल."

"मग वॉशिंग्टनला तोंडावर सांगायचं. न सांगता जाणं आपल्यात नाही."

वॉशिंग्टननं ऐकून घेतलं आणि मिशी ओढली. "गोलात माझा पुतण्या आहे, काय करू?"

"पुतण्या चेंडू आला की बुटाची नाडी बांधायला वाकतो," आजी म्हणाली. "तो ठेव तुझ्याकडं. आमची चालली."

पुढच्या शनिवारी नेमका एस्त्रेया विरुद्ध मोलिनो. आजी कढईपाशी. एस्त्रेयाला पेनल्टी मिळाली. पोरानं लाथ हाणली आणि नाहियारानं उडी मारून चेंडू पोटाशी धरला. आजीनं झारा हवेत उडवला आणि स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. मागं कढईत पुरी करपून कोळसा झाली.

मैदानाच्या कडेवरून थेट रांगेत घुसलेला वॉशिंग्टन लालबुंद. "डोन्या सुल्मा, तुम्ही आहात तरी कुणाच्या?"

"कॅन्टीन एस्त्रेयाचं, पोरगी माझी. खायचंय की भांडायचंय?"

त्यानं करपलेल्या पुरीकडं पाहिलं, मग गोलाकडं. तिथं नाहियारा चेंडू कवटाळून दोन्ही संघांच्या पोरांना वाकुल्या दाखवत होती.

"खायचंय," तो म्हणाला. "पण ही नको."