बिनसाखरेचा स्क्रब

दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे, चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला, त्याच्या नवव्या मजल्यावर शकू परबची मोरी आहे. बाथरूम म्हणत नाही ती. टाइल्स लावल्या, गिझर लावला, शॉवर लावला, तरी तिच्या लेखी मोरी ती मोरीच. आणि त्या मोरीत, भिंतीला टेकवून उभा, फणसाच्या लाकडाचा एक बुटका पाट असतो. चाळ सोडताना नवरा राजाराम म्हणाला होता, "ह्यो आता कित्याक व्हयो? टाकून दी." शकूने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने मुकाट्याने पाट उचलून टेम्पोत ठेवला.

शकू घरी स्क्रब करून विकते. त्यात काही मोठं शास्त्र नाही. तांदूळ धुऊन वाळवायचे आणि मिक्सरमध्ये रव्याहून बारीक, पिठाहून जाड फिरवायचे. मसूर डाळ मंद भाजून तशीच. संत्र्याच्या साली गच्चीत कडकडीत वाळवायच्या, चिमूटभर आंबेहळद टाकायची, वरून खोबरेल तेल. मग मुख्य काम. शकू ते चिमटीत घेते, अंगठ्याने मनगटावर चोळते, डोळे मिटते आणि वाट बघते. कण टोचला, की सगळं परत मिक्सरमध्ये. चार-चार वेळा फिरवते बाई! मिक्सर तापून वास सुटतो, राजाराम ओरडतो, पण ती ऐकत नाही.

सातव्या मजल्यावरची रश्मी तिच्या डब्यांचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. तिच्यामुळेच बोरिवली-गोरेगावपर्यंत डब्या जायला लागल्या. तीच एकदा म्हणाली, "काकू, साखरेचा करा ना एक. साखर, लिंबू, मध. सगळ्या तोच मागतात."

"माझ्यात साखर नाय पडत."

"अहो पण का?"

"नाय म्हणजे नाय. ज्यांना हवा त्यांनी घरी करावा. साखर काय माझ्याकडेच मिळते?"

रश्मीला वाटलं, मुंग्यांची भीती असेल. हसली आणि गेली. तिला कोण सांगणार?

आता पाटाचं सांगतो. ऐकायला वेडगळ वाटेल, पण शकूला विचारून बघा, ती शपथ घेऊन सांगेल. आंघोळ झाली की पाट भिंतीला उभा करायचा, हा तिच्या घरातला कायदा. ओला पाट आडवा राहिला की लाकूड कुजतं. पण ज्या दिवशी ती स्क्रब करते, त्या दिवशी शेवटच्या डबीचं झाकण लागलं की मोरीतून मग्याचा आवाज येतो. बादलीच्या काठाला मगा लागावा तसा, एकदाच. आत जाऊन बघावं तर पाट आडवा. भिंतीकडे तोंड करून कुणी बसावं तसा मांडलेला. भोवतालची लादी कोरडी ठणठणीत, आणि पाटाच्या मधोमध एक ओला डाग. लहान पोरीच्या बसण्याएवढा.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती राजारामवर खेकसली होती. राजाराम तर खाली बाकावर पेपर वाचत बसलेला. मग तिने वाकून त्या डागाला हात लावला. कोमट होता. शकू तिथेच लादीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, कारण तिला कळलं होतं कोण बसलंय ते.

श्रुतिका तिची एकुलती एक मुलगी. सावळी. सावळी कसली, चांगली काळी. आता परबांच्या घरात सगळेच तसे, शकू स्वतः तरी कुठे दुधात धुतलेली होती? पण लेकीच्या बाबतीत तिने डोक्यात घेतलं ते घेतलंच. चाळीतल्या बायकाही तशाच, येता-जाता "नाकीडोळी छान आहे हो, फक्त रंगाने..." म्हणत चुकचुकायच्या. मेल्यांच्या जिभेला हाड नाही! आणि शकूचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. पोर पाच वर्षांची झाल्यापासून दर रविवारी तिला त्या पाटावर पाठमोरी बसवायची आणि डाळीचं पीठ, साय, लिंबू, मसूर, जे कुणी सांगेल ते लावून खसाखसा घासायची.

"हलू नको गो. बस गप."

पोर गप्प बसायची. शेवटी फक्त एवढंच विचारायची, "आई, निघालं का गं?"

"अजून रवला हा थोडा," शकू म्हणायची. राहिलंय अजून थोडं, असं.

आणि मग पाणी ओतायची. एवढी घासणारी बाई, पण पाणी ओतताना डावा हात पोरीच्या कपाळावर आडवा धरायची, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. त्यात कधी चूक नाही झाली. अठरा वर्षं दर रविवारी तोच प्रश्न, तेच उत्तर आणि कपाळावर तोच आडवा हात.

श्रुतिकाला बघायला मुलुंडहून नितेश आणि त्याची माणसं येणार होती, त्या सकाळी शकूला कुणीतरी सांगितलं, साखर आणि लिंबू लाव, एका दिवसात फरक पडतो. शकूने जाड साखर घेतली. तेवीस वर्षांची घोडी पोरगी, पण लहानपणीसारखी पाटावर पाठमोरी बसली. शकूने साखर विरघळायची वाट बघितली नाही, तिला घाई होती. श्रुतिका एकदाही ओरडली नाही. संध्याकाळी ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली, तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि त्यावर बारीक-बारीक लाल ठिपके उमटले होते. शकूने पटकन तिच्या खांद्यावरून पदर ओढून घेतला. पाहुण्यांना दिसलं नाही. नितेशने होकार दिला. बिचारा साधा माणूस, पुढे एकदा बोलता बोलता म्हणाला, "मला तर ती हसली तेव्हाच आवडली होती." रंगाचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी श्रुतिका तापाने गेली. चार दिवसांत आटोपलं. शेवटची आंघोळ घालायला बायका जमल्या, तेव्हा शकू म्हणाली, मी घालते. तिला कुशीवर वळवली आणि पाठीवर ते ठिपके दिसले. फिकट, साखरेच्या दाण्याएवढे. इतक्या वर्षांनी! शकूचा हात तिथे थांबला तो थांबलाच. दुसऱ्या बायकांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

त्यानंतर तिने स्क्रब करायला घेतले. लोकांना वाटलं, दुःखातून मन रमवतेय. तिला फक्त एवढंच हवं होतं, की तिच्या हातून परत कुणाच्या अंगाला कण टोचू नये. आणि पाट मांडला जायचा, ओला व्हायचा. जणू पोर येऊन बसत होती आणि तेच विचारत होती, निघालं का. शकू पाट पुसायची आणि भिंतीला उभा करून ठेवायची.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत नितेश निधीला आणून सोडून गेला. निधी, श्रुतिकाची लेक, नऊ वर्षांची. आईचं नाक, आईचे डोळे आणि आईचाच रंग, जसाच्या तसा. शकू पोरीला बघून इतकी खूश झाली की दोन दिवस नुसती खायला घालत सुटली. पण आतून तिला एक धास्ती होती. ही पोर त्या पाटावर बसता कामा नये. निधी आंघोळीला गेली की शकू पाट उचलून गॅलरीत ठेवायची. "शॉवर घे गो, तुमच्याकडे घेतेस तसा."

तिसऱ्या दिवशी दुपारी शकूने स्क्रब करायला घेतला. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, टाळून चालणार नव्हतं. निधी ओट्याशी उभी राहून बघत होती. एकदम म्हणाली, "आजी, मला पण लाव ना. पण हा नको. साखरेचा लाव. मी फोनवर बघितलंय, सात दिवसांत उजळ होतं."

शकूचा हात परातीतच राहिला. "तुला कशाला हवाय?"

"गॅदरिंगच्या डान्समध्ये टीचरने मला मागे उभं केलं. आणि तो मिहिर म्हणतो, फोटोत तुझे फक्त दात येतात." पोरीने हे हसत-हसतच सांगितलं.

"त्या मिहिराच्या कानाखाली ओढते मी."

"आजी, लाव ना गं. तू मम्मीला लावायचीस ना? मम्मीनेच सांगितलं मला."

"काय सांगितलं?"

"की आजीच्या हाताने निघतं." निधी साखरेच्या डब्याचं झाकण उघडझाक करत होती. "मम्मी पण बसवायची मला, रविवारी. पण ती लावायला लागली ना, की लगेच रडायला लागायची. मग राहून जायचं. म्हणून माझं तसंच राहिलं."

परातीत तांदळाची कणी होती, ती शकूला दिसेनाशी झाली. म्हणजे श्रुतिकाही तिच्या घरी अशीच बसली होती, हातात वाटी घेऊन, समोर पाठमोरी पोर. शकूने लेकीला दिलेलं ते एवढं पक्कं बसलं होतं की ती तेच पुढे द्यायला निघाली होती. फक्त तिचा हात चालला नाही.

"आजी?"

"थांब. हे एवढं होऊ दे."

तिने शेवटची डबी भरली, झाकण लावलं आणि मगा वाजला.

निधीने मान वळवली. "आजोबा आंघोळीला गेलेत?"

राजाराम हॉलमध्ये टीव्हीसमोर घोरत होता. शकू काही बोलणार, तेवढ्यात पोर साखरेचा डबा घेऊन पळत मोरीत गेली. हात धुऊन शकू पोचली, तर तो पाट, जो सकाळी तिने स्वतःच्या हाताने गॅलरीत ठेवला होता, मोरीत आडवा मांडलेला होता. आणि त्यावर फ्रॉक काढून, भिंतीकडे तोंड करून निधी बसली होती. काळी, नितळ, लहानशी पाठ. मांडीवर साखरेचा डबा.

"पाट गरम आहे गं," निधी म्हणाली. "लाव ना."

दाराला धरून शकू उभी राहिली. क्षणभर तिला कळेना, समोर कोण बसलंय. तिने डबा काढून घेतला तेव्हा झाकण निघालं आणि थोडी साखर पोरीच्या पाठीवर सांडली. शकूने ती झटकायला तळहात फिरवला. नुसता तळहात, तोही हलका.

पाठमोऱ्या पोरीने विचारलं, "निघालं का गं?"

हे निधीला कुणी शिकवलं होतं? की शिकवलंच नव्हतं? शकूच्या तोंडून हुंदका फुटला. तिने डबा बादलीत उपडा केला, सगळी साखर पाण्यात गेली, आणि ती पोरीच्या पाठीला गाल लावून मोठमोठ्याने बोलायला लागली, अठरा वर्षांचं साचलेलं, आणि त्यापुढचंही.

"तुका कायच लागलेला नव्हता गो, चेडवा! काय निघतला? कायच नव्हता! मीच मेली आंधळी! तू चांगली होतीस गो, आधीपासून चांगली होतीस..."

"आजी, मी निधी आहे," पोर घाबरून म्हणाली.

"तू पण," शकू म्हणाली. "तू पण गो, बाय."

पोरीने वळून तिचे डोळे पुसले. लहान मुलांना रडणाऱ्या मोठ्या माणसांचं काय करायचं ते बरोबर कळतं, त्यांना काहीतरी काम द्यायचं. निधी म्हणाली, "मग आता मी तुला लावते. तुझावाला. बिनसाखरेचा." शकूने आधी नाही-नाही केलं, मग ऐकलं. फ्रॉक चढवून निधी नवी डबी घेऊन आली. शकू पाटावर बसली, भिंतीकडे तोंड करून, मॅक्सीचा गळा खांद्यावरून खाली ओढून. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या पाटावर अशी बसली. समोर नुसती भिंत दिसते, मागचं काहीच दिसत नाही. काय करतात, कधी थांबतील, काही कळत नाही. दर रविवारी श्रुतिका या पाटावर बसून हेच बघत होती.

निधी दोन्ही हातांनी जोरात चोळत होती आणि मधेच हसत होती. कण टोचत नव्हता. बाहेरून राजारामने हाक मारली, "निधी, ये गो, चाय करूया."

"आले!" निधी ओरडली. तिची पावलं मोरीतून बाहेर गेली, हॉलमधून स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला.

पाठीवरचे हात चालूच होते.

शकूने मागे वळून पाहिलं नाही. आता हात सावकाश फिरत होते, खांद्यापासून मणक्यापर्यंत, अगदी जपून. जिथे श्रुतिकाच्या पाठीवर ठिपके होते, नेमके तिथे येऊन ते थांबले, आणि पुन्हा फिरायला लागले.

घाबरलेल्या लहान पोरीच्या आवाजात शकूने विचारलं, "निघाला काय गो?"

हात थांबले. मग बादलीच्या काठाला मगा लागला आणि तिच्या डोक्यावरून कोमट पाणी आलं, साखरेचं, गोडसर. तिने घट्ट डोळे मिटले. पण डोळ्यांत एक थेंब गेला नाही. तिच्या कपाळावर कुणीतरी आडवा हात धरला होता.

स्वयंपाकघरात निधी नवी पुडी फोडून आजोबांना विचारत होती, साखर किती घालू.