शनिवारच्या नाचाची तबकडी

चष्मेवाल्याचं दुकान खाली आणि खरा संसार वर. वरच्या खोलीत चारही भिंतींना आफ्रिकन नाचगाण्यांच्या जुन्या तबकड्या उभ्या होत्या. बायको म्हणायची, लोकांचे डोळे सुधारता सुधारता यांचे कान बिघडले. तो हसून सोडून द्यायचा, कारण कानांचाच तर त्याला अभिमान होता. नुसती गिटार ऐकून तो बँड ओळखायचा. दूरदूरचे संग्राहक त्याला पत्रं लिहून विचारायचे आणि त्याने सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

त्यातही एका तबकडीवर त्याचा विशेष जीव होता. तिची दुसरी प्रत आजवर कुणाला सापडली नव्हती. लेबलवर गायकाचं नाव, गाण्याचं नाव, बस्स. तिच्यावर त्याने मासिकात चार पानी लेख लिहिला होता: विरहाचं संथ गाणं, खर्जातला थकलेला गायक आणि मागे तीन पुरुषांचा धीरगंभीर कोरस.

तो लेख त्या गायकाच्या मुलीच्या हाती पडला. ती इस्पितळात नर्स होती. वडील गेले तेव्हा ती सहा महिन्यांची. त्यांचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता आणि घरात एकही तबकडी उरली नव्हती. चष्मेवाल्याला आधी फोन करून एका रविवारी सकाळी ती आली. सोबत ब्याऐंशी वर्षांची आई होती, तिला हाताला धरून जिना चढवला.

चष्मेवाल्याने तबकडी मऊ ब्रशने पुसली, सुई अलगद टेकवली. मुलगी डोळे मिटून बसली. आई मांडीवर पिशवी घेऊन ऐकत होती. दोन ओळी झाल्या आणि ती म्हणाली, "हा माझा नवरा नाही."

मुलीचा चेहरा उतरला. चष्मेवाल्याने समजुतीच्या सुरात लेबल दाखवलं, इतक्या वर्षांनी आठवण दगा देते असंही सुचवलं. म्हातारी तसूभरही हलली नाही.

"नाव त्याचंच आहे. पण हे रडगाणं त्याचं नाही. हे शनिवारच्या नाचाचं गाणं. या तालावर नाचायचं म्हणजे एक पाय उचलावा, घरी जाऊन जेवून यावं, मग टेकवावा. आणि मागे हे तीन बाप्ये कुठून आले?"

चष्मेवाल्याला ते झोंबलं. मासिक काढून तिच्यापुढे ठेवावं म्हणून तो उठलाही. पण मुलगी त्याच्याकडेच बघत होती, आणि तो जागीच थांबला. मोठी तबकडी मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांनी वाजवायची, छोटी पंचेचाळीस फेऱ्यांनी, हे संग्राहक पहिल्याच दिवशी शिकतो. ही तबकडी मोठी, म्हणून तो ती तेहेतीसवरच लावत आला होता; लेबलवर वेग छापलेलाच नव्हता. नाचघरात आवाज दणदणीत यावा म्हणून काही जण मोठी तबकडीसुद्धा पंचेचाळीसच्या वेगाची काढायचे, हे त्याला ठाऊक होतं. इतरांना त्यानेच हे सांगितलं होतं. फक्त स्वतःच्या लाडक्या तबकडीला त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

म्हातारीचं खरं निघालं तर चार पानं पाण्यात आणि कानांची अब्रू चव्हाट्यावर. त्याने वेगाचं बटण पंचेचाळीसवर फिरवलं.

गिटार उसळी मारून उठली. आवाज आला तो पंचविशीतल्या खट्याळ पोराचा, आणि मागून त्याची प्रत्येक ओळ तोंडातून काढून घेणाऱ्या तीन बायका. मुलगी रडता रडता हसायला लागली. "असे होते बाबा?" ती एवढंच म्हणाली.

चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विशीतल्या पोरींना त्याने छापून धीरगंभीर पुरुष करून टाकलं होतं. पण त्या गाण्यापुढे शरमेलाही टिकता येईना. पुढच्या अंकात स्वतःच्या नावानिशी चूक कबूल करतो, असं त्याने सांगून टाकलं, आणि सांगताना त्याची मान काही खाली गेली नाही. जगातली एकुलती एक प्रत त्यानेच तर जपली होती.

गाणं शेवटच्या फेरीला आलं. तिघींमधला एक आवाज बाकीच्यांच्या डोक्यावरून वर चढला, आणि खुर्चीतूनही तीच तान आली, चिरकी, पण नेमकी त्याच जागी. मुलीने वळून पाहिलं. आईच्या तोंडून तिने कधी अंगाईसुद्धा ऐकली नव्हती. गाण्याबजावण्यात घर बुडालं, असं आत्या म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

"आई, ही तू?"

"मधली मी." म्हातारी ताठ बसली होती. "तुझा बाप चांगला गायचा, नाही म्हणत नाही. पण नाचघर भरायचं ते आमच्यावर."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाली असतीस, म्हातारी फुशारक्या मारते." तिने पिशवी खाली ठेवली आणि चष्मेवाल्याला हनुवटीनेच खूण केली. "लावा पुन्हा. बापाला ती नंतर ऐकेल. आधी तिला माझा आवाज ऐकू दे."