भांगातली अष्टमी

पुस्तक हातात आलं की माझे तळवे ओले व्हायचे. आमच्या वाचक-कट्ट्याचा नियमच तसा होता: गोल करून बसायचं आणि पुस्तक ज्याच्या हातात त्यानं बोलायचं. मी "आवडलं" एवढंच म्हणायचे आणि पुस्तक पुढं सरकवायचे. मी थळची किशोरी कोळीण, अलिबागच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाइकाशी भांडायला लागले की माझा आवाज रस्त्यापलीकडं जातो. पण इथं सगळी शिकलेली माणसं. तोंडून एखादं "न्हाय" निसटलं तर हसतील, या भीतीनं माझी बोबडीच वळायची.

कट्टा मृणाल मॅडमनी काढलेला. त्या मूळच्या पालीच्या, कॉलेजात शिकवतात. कोळंबी घेताना माझ्या टोपलीशेजारचं पुस्तक त्यांना दिसलं आणि त्यांनी मला ओढूनच नेलं.

तिसऱ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "पुढची बैठक किल्ल्यात! पुस्तकात समुद्र आहे, तर समुद्रातच बसून बोलू. मी भरतीचं गणितही शिकलेय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. अकराला चालत जाऊ."

गणित बरोबर होतं. पण अष्टमीला भांग असतो. भांगात पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं, त्यामुळं किल्ल्याची वाट उघडी पडतच नाही. आमच्याकडं हे शेंबडं पोरही सांगेल. पुस्तक फिरत फिरत माझ्याकडं आलं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आवडलं."

अष्टमीला किनाऱ्यावर किल्ल्यात नेणारी एकही घोडागाडी नव्हती. "बरं झालं, गर्दी नाही," मॅडम म्हणाल्या. आम्ही सहाजण गुडघाभर पाण्यातून निघालो. सगळ्यांत मागं धर्माजी गुरुजी, सत्तरी ओलांडलेले निवृत्त मास्तर, हातात काठी.

"अजून ओसरेल," मॅडम म्हणत होत्या.

किल्ल्यात तटाच्या सावलीला चर्चा रंगली. कोण काय बोललं ते मला विचारू नका, मी दरवाजातून पाणी बघत होते. बारा वाजले तरी पाणी गुडघ्याइतकंच. एक वाजला आणि वाटेवरचा काळा खडक दिसेनासा झाला. तरी मी गप्पच! मरणापेक्षा हसं होण्याची भीती मोठी, असलं माझं डोकं.

दीडला परत निघालो. अर्ध्या वाटेवर पाणी कमरेला लागलं, वारा सुटला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "असं कसं? आत्ता तर ओहोटी होती..."

तेवढ्यात गुरुजी डावीकडं सरकले. तिथं खड्डा आहे. त्यांनी काठी टेकली, ती टेकलीच नाही. ते छातीपर्यंत आत गेले.

"गुरुजी, त्या अंगाला न्हाय! खड्डा हाय तिथं!" मी बाजारातल्या आवाजात ओरडले आणि त्यांचं मनगट पकडून ओढलं. "समद्यांनी एकमेकांचा हात धरा. माझ्या मागनं या. पाय उचलू नका, घासत चला!"

पुस्तक पाण्यात गेलं, काठीही गेली. हसलं कुणीच नाही.

किनाऱ्यावर गुरुजी वाळूत बसले. माझा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "किशोरी, तू नसतीस तर मी आज घरी गेलो नसतो," ते म्हणाले.

मॅडम रडायला लागल्या. "माझंच चुकलं. पण हे कुणाला कसं कळणार होतं?"

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. सगळे माझ्याकडं देवाकडं बघावं तसं बघत होते. पाण्यात वाटली नव्हती तेवढी भीती मला तेव्हा वाटली.

"मला म्हाईत व्हतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. पुस्तक हातात व्हतं तवाच."

गुरुजींनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुमी हसाल म्हनून."

गुरुजींनी माझा हात सोडला आणि वाळूत तळवा टेकून एकट्यानंच उठायला लागले.