बारावं रीडिंग

तिने दादाचा उजवा हात डोक्यामागे नेऊन ठेवला आणि बरगड्यांमधल्या फटीवर थंड जेल लावलं.

"मोठा श्वास घ्यायचा नाही. आहे तिथेच रोखायचा. दहा रीडिंग घेतली की सुटलास."

"तीस वर्षं बसमध्ये डोकी मोजलीत मी. दहाच्या वर गेलीस तर तिकीट फाडीन."

नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करू नये, हे तिला कळत होतं. पण दादा हटून बसला होता, दाखवीन तर बहिणीलाच. साध्या सोनोग्राफीत त्याच्या यकृतात लिंबाएवढी गाठ दिसली होती. ती किती कडक आहे ते आता इलॅस्टोग्राफीचं यंत्र आकड्यात सांगणार होतं. मऊ निघाली, म्हणजे आकडा लहान आला, तर बहुतेक निभावलं.

"रोख."

आजूबाजूचं यकृत सहा. गाठ बावन्न. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

"हललास तू," म्हणत तिने रीडिंग पुसलं.

"हललो असेन."

पुढचं एकावन्न. तेही पुसलं. श्वास हलला तर रीडिंग बाद करायचं हा नियमच होता. शिकाऊ डॉक्टरांना ती रोज तेच बजावायची. फक्त दादा हलत नव्हता. चोपन्न. बावन्न. दर वेळी ती "हललास" म्हणाली, आणि लहानपणी तिने फोडलेली कपबशी आपल्या नावावर घ्यायचा तसा तो मान डोलवत राहिला.

"बारा झाली," शेवटी तो छताकडे बघत म्हणाला. "एकही धरलं नाहीस ना?"

ती प्रोब पुसत बसली.

"तुझ्या वहिनीला मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

बाहेर पुढच्या पेशंटला हाक मारली गेली. ती उठली नाही.

"बरं, घे अजून एकदा," दादा हळूच म्हणाला. "या वेळी नाही हलणार."

त्याने हात पुन्हा डोक्यामागे नेला आणि तिने न सांगताच श्वास रोखला.

तिने प्रोब टेकवला. बावन्न. या वेळी तिने आकडा पुसला नाही, तसाच ठेवला.

"सोड," ती म्हणाली. "एक झालं. अजून नऊ."