खुनी कोण ते मला कळलंय

थंडी पडली की आमच्या जमिनीवर दोनच कामं उरतात: वाफे झाकणं आणि वाचणं. पहिलं बाबांचं, दुसरं माझं. शाळेच्या बसमधून उतरून अर्धा तास चाललं की घर, आणि बोलायला कोण? दोन बदकं! ऐकतात मन लावून, पण स्वतःचं मत म्हणून देत नाहीत.

म्हणून भिंगरीचं पार्सल आलं तेव्हा मी अंगणात नाचलेच. भिंगरी माझी जुन्या शाळेतली मैत्रीण. तिनं नुकतंच घर बदललंय, फोन तिला अजून मिळालेला नाही. खोक्यात एक पुस्तक आणि चिठ्ठी: 'शेवटचं प्रकरण वाचायचं नाही. खुनी कोण ते एकमेकींना कळवू, मग एकाच दिवशी वाचू.'

चार दिवसांत मला खुनी सापडला. पत्ता मात्र सापडेना. तो खोक्यावर होता.

"बाबा, माझं खोकं?"

"टोमॅटोच्या वाफ्यात घातलं. इथं काही वाया जात नाही, बाईसाहेब."

ओला पुठ्ठा जमिनीवर पसरायचा, वर शेण, वर पालापाचोळा. खालचं गवत मरतं, पुठ्ठा गांडुळं खातात. गांडुळांना त्रास नको म्हणून त्या वाफ्याला बाबांनी तीन वर्षांत फावडं लावलं नव्हतं.

माझा चेहरा बघून ते म्हणाले, "उकर."

"आणि तुमची गांडुळं?"

"रुसतील. काढू समजूत."

दोघांनी गुडघे टेकून अख्खा वाफा उकरला. पुठ्ठा मिळाला, पण कोरा! तेवढ्यात आईनं दारातून विचारलं, "अगं, चिकटपट्ट्या, लेबलं कुजत नाहीत म्हणून आधी सोलतं कोण?"

मी! एका हातानं सोलायचं, दुसऱ्यानं पान उलटायचं. तिचंच पुस्तक वाचता वाचता तिचाच पत्ता मी सोलून टाकला होता.

शेडमागे चिकटपट्ट्यांचा फुटबॉलएवढा गोळा पडला होता. तो उलगडायला दोन दुपारी गेल्या. लेबल निघालं, पण घरक्रमांकाचा शेवटचा आकडा फाटलेला. शक्यता दहा. मग काय, दहा पत्रं!

आता टोमॅटो लालही झालेत. त्या गल्लीतल्या नऊ अनोळखी घरांना खुनी कोण ते कळलं असेल. भिंगरीचं उत्तर नाही. शेवटच्या प्रकरणाला मी रबरबँड लावून ठेवलाय.

रोज आल्या आल्या पत्रपेटी उघडते. काल आत एक गोगलगाय होती. एरवी सरळ बदकांना घातली असती. पण एवढ्या लांब चालत कुणीतरी आलं होतं ना.