झाकणाखालची तारीख

वरूडहून चार दिवसांनी घरी आल्याबरोबर केशवरावांनी रेकॉर्ड लावली आणि तबल्याचा डग्गा घुमला. अर्धं मिनिट माणूस खूश होता. मग कपाळावर आठी आली. सात महिने गायब असलेला डग्गा, आपण मेहुण्याच्या बागेत संत्र्यांची तोड बघत असताना आपोआप कसा परतला? अमरावतीच्या कोर्टात चाळीस वर्षं उलटतपासण्या घेतलेल्या या माणसाचा आपोआप घडणाऱ्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. गॅस सिलिंडरची पावतीसुद्धा ते चष्मा चढवून दोनदा वाचत आणि मगच सही करत.

डग्ग्याचं दुखणं असं होतं. त्यांच्या यंत्राचे दोन डबे. पहिला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचा, रेकॉर्डवरचा नाजूक आवाज घडवून पुढे पाठवणारा. अकोल्याच्या जठारपेठेतल्या गोवर्धनने तीस वर्षांपूर्वी हाताने बांधून दिलेला. दुसरा डबा स्पीकरला जोर देणारा. तोही व्हॉल्व्हचाच होता, पण गेल्या हिवाळ्यात जळाला, आणि त्याच्या जागी केशवरावांनी ट्रान्झिस्टरचा नवाकोरा अॅम्प्लिफायर आणला. या दोघांचं काही पटेना. सारंगी लख्ख ऐकू येई, तंबोराही, पण खालचे सूर कुठे जात कोण जाणे. इलाज करू शकणारा माणूस एकच, आणि त्याच्याशी दोन वर्षं बोलणं बंद होतं.

त्यालाही कारण होतं. खंडेनवमीला यंत्राची पूजा करताना केशवराव प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेला, अगदी बुडाशी, तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका लावत. पूजाही होई आणि कुणी माल बदलला तर कळायची सोयही. दोन वर्षांपूर्वी डबा सफाईसाठी गोवर्धनकडे दिला, तो परत घेताना पाहतात तर चारही ठिपके गायब! जुने परदेशी व्हॉल्व्ह काढून घेतले म्हणून केशवराव भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ओरडले. चोर म्हणाले. गोवर्धन काहीतरी सांगू पाहत होता, पण ते ऐकायला थांबलेच नाहीत. कॉलेजपासूनची दोस्ती त्या दिवशी तुटली, आणि केशवरावांनी ठिपके लावणंही सोडलं.

"शकुन, मी नसताना घरात कोण आलं होतं?"

"कोनी नाही. काहून?" त्यांच्या पत्नी शकुनताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

खोटा साक्षीदार केशवरावांना लगेच कळे. यंत्र बंद केलं, व्हॉल्व्ह गार होऊ दिले आणि डब्यावर वाकले. झाकणाच्या चारही स्क्रूंच्या खाचा ते मुद्दाम उभ्या ठेवत. आज एक तिरकी होती.

झाकण काढलं. आवाज जिथून पुढच्या डब्यात जाई तिथे आधी वाटाण्याएवढे कंडेन्सर होते, तिथे आता करंगळीएवढे बसले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या सात तारखा होत्या. डबा उघडला की तारीख टाकायची, ही गोवर्धनची पद्धत. आठवी तारीख नव्हती. म्हणजे दुसराच कुणी उपटसुंभ? तेवढ्यात त्यांचं लक्ष व्हॉल्व्हकडे गेलं. चारही काचांना बुडाशी कुंकवाचा ताजा ठिपका होता.

केशवराव आणखी खाली वाकले. ही खूण त्यांच्याशिवाय एकालाच माहीत होती. बेट्याने माल तर नेलाच, आता खोटी खूणही करतो! त्यांनी एक व्हॉल्व्ह काढला, खिडकीशी नेला आणि अंगठ्याने ठिपका पुसला. खाली तपकिरी डाग होता. वर्षानुवर्षांचं कुंकू गरम काचेवर भाजून बसलेलं. सफाईच्या स्पिरिटने त्याचा रंग निघाला होता, डाग नाही. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर आणि चौथ्यावरही.

व्हॉल्व्ह त्यांचेच होते. पहिल्यापासून त्यांचेच. गोवर्धनने सफाई करताना काचा पुसल्या होत्या, एवढाच त्याचा गुन्हा. आणि आपण काच उजेडात धरूनसुद्धा पाहिली नाही, पुरावा न बघता निकाल दिला, या विचाराने केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच बोलावलं होतं त्यायले," शकुनताई दारातून म्हणाल्या. "रोज सांजच्याला तुमी मशीन बंद करून भिंतीकडं पाहत बसता. मले पाहवत नव्हतं. ते म्हणे, व्हॉल्व्ह घोट घोट देते अन् हे नवं ढसाढसा पेते, मंधातली वाट अरुंद पडून राहिली. वाट रुंद केली, देवघरातलं कुंकू मागून ठिपके लावले अन् गेले. चहा ठेवला होता, हात नाही लावला. म्हणे, चोराले कोनी चहा देते का, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने केशवराव अकोल्याला निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत नुसतं झाकण. बडनेरा ते मूर्तिजापूर त्यांनी मनातल्या मनात भाषण जुळवलं, आणि जठारपेठेत उतरेपर्यंत ते साफ विसरले.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. गोवर्धन एका रेडिओच्या तारेला सोल्डरचा डाग देत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "बोला, वकीलसाहेब."

केशवरावांनी झाकण टेबलावर उलटं ठेवलं. "तारीख टाकायची राहिली."

"गिऱ्हाईक सोताहून आणते त्या कामावर टाकतो मी तारीख. चोरून केलेल्या कामावर नाही."

केशवराव गिऱ्हाइकांकडे वळले. कोर्टात बोलत तसं मोठ्याने म्हणाले, "ऐका हो. दोन वर्षांआधी याच दुकानात मी या माणसाले चोर म्हटलं होतं. ते खोटं होतं. चूक माझी होती."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. गोवर्धनने सोल्डरची कांडी खाली ठेवली. कानावरची पेन्सिल काढली, झाकण जवळ ओढलं आणि लिहायला लागला. बराच वेळ लिहीत राहिला. नुसत्या तारखेला एवढा वेळ लागत नाही. मग त्याने झाकण आणि पेन्सिल पुढे सरकवली, नाक पुसलं.

"कर सही, केशव."

केशवरावांनी सही केली. चष्मा खिशातच होता.