चौथा अल्बम

माझी नात सुलक्षणा पुण्याचं शिक्षण अर्धवट सोडून धुळ्याला परत आली. देवपुरातल्या आमच्या घरात ती मागच्या खोलीत पडून असते. जेवते थोडं, बोलते त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, औषधं चालूच राहतील, पण कुणीतरी तिच्या आवडीचं तिच्याशी बोलत जा. तिची आवड घरात कुणालाच ठाऊक नव्हती. सूनबाई हेमलता एवढंच म्हणाली, "इंग्लंडचा कुठला तरी रॉक बँड आहे, आबा. तोच लावून बसते."

साक्रीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलणं मला कधी जमलं नाही. पुस्तकाच्या आडून थोडंफार जमायचं. वाटलं, तसंच हेही जमेल. एका संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन विचारलं, "बेटा, हा बँड ऐकायचा तर सुरुवात कुठून करू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही ऐकणार?"

"प्रयत्न करतो."

"मग चौथा अल्बम ऐका. पहिल्यापासून नका सुरू करू. पहिले दोन म्हणजे पोरकटपणा आहे. चौथा ऐका आणि मला सांगा."

'मला सांगा' म्हणाली! घरी आल्यापासून तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. लेखक मधूनच उघडू नये, हे मी वाचकांना जन्मभर सांगत आलो. शिवाय धास्तीही होती. चौथा ऐकून मला काही कळलंच नाही तर पोरीला काय सांगणार? आधीचं सगळं ऐकून तयारीनं जावं. माझ्या मुलानं, दीपकनं, मोबाइलवर लावून दिलं. मी गाण्यांचे शब्द समोर ठेवायचो, अडला शब्द कोशात बघायचो, समीक्षकांचं वाचायचो, आणि मग तेच गाणं पुन्हा.

दिवसभर कानात इअरफोन घालून ओट्यावर बसलेलं बघून शेजारचे रुपचंदभाऊ थांबले. "काय आबा, बठ्ठा दिन कानमा काय घाली बसतस?"

"इंग्रजी बँड आहे."

"बँड? मंग पोरनं लगीन ठरनं का काय? आपला गावना बँड काय वाईट शे?"

मी कसनुसा हसलो. लग्नाचा शब्द आत ऐकू गेला असेल का, या काळजीत ते अख्खं गाणं निसटलं. पुन्हा लावलं.

एका दुपारी सुलक्षणा स्वतःहून ओट्यावर आली. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ऐकला, आबा?"

"दुसरा चाललाय. पहिल्यात ड्रम वाजवणारा वेगळा होता ना गं?"

"मी चौथा म्हटलं होतं."

"हो, येतोच आहे तिथपर्यंत."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती बाहेर आली नाही.

मी तिसरा सोडून दिला आणि चौथा लावला. त्यात एक गाणं आहे. एक माणूस अंथरुणात जागा पडलाय आणि घरातले सगळे त्याच्यामुळे हळू आवाजात बोलताहेत. बस, इतकंच. गाणारा ओरडत नाही, रडतही नाही. कोशात एकही शब्द बघावा लागला नाही. आमच्या घरात आम्ही सगळे कसे बोलतो, ते मला तेव्हा ऐकू आलं.

मी तसाच तिच्या खोलीत गेलो. "चौथा ऐकला, बेटा."

ती पडूनच होती. "आता मी नाही ऐकत, आबा. काही होतच नाही ऐकून. नुसता आवाज येतो."

"तरी सांगू?"

"सांगा."

मी बोलायला लागलो. आणि तोंडातून काय निघालं? तो अल्बम कोणत्या साली आला, समीक्षक काय म्हणाले, तिसऱ्यानंतर त्यांचं गिटार कसं बदललं. वाचलेलं सगळं. ती भिंतीकडे वळली. हेमलता गोळ्या आणि पाणी घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, पडू द्या तिला."

मला त्या जाग्या माणसाबद्दल बोलायचं होतं. मी अजून गिटारबद्दलच बोलत होतो.